ग्रह आठ की नऊ? आणि मंगळाला मावशी कशी माहीत?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं बोललो, तसंच बरंचसं ठेवलंय.)

हेडफोन लावलेत? आज एक गोटी, एक लिंबू आणि घरात असेल तर एक नारळ जवळ घेऊन बसा. नसेल तरी चालेल, डोळ्यांसमोर आणा.

मागच्या भागानंतर सहावीतल्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. तिचे दोन प्रश्न आहेत. पहिला: "दादा, पुस्तकात ग्रह आठ आहेत, पण आमच्या इथे देवळात नवग्रह आहेत, ते नऊ. मग खरे किती?" आणि दुसरा: "आजी म्हणते मावशीला कडक मंगळ आहे, म्हणून तिचं लग्न जमत नाही. पण मंगळ तर एवढा लांब आहे. त्याला मावशी कशी माहीत?"

मी हा मेसेज तीनदा ऐकला. दुसरा प्रश्न विचारायला मोठी माणसं घाबरतात, आणि हिने सरळ विचारून टाकला. त्यामुळे आज ग्रहांची ओळख करून घ्यायची, पण या दोन प्रश्नांना धरून.

आधी आठ आणि नऊचं भांडण मिटवू.

नवग्रह कोणते? रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. पुस्तकातले आठ कोणते? बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहा. पाच नावं दोन्हीकडे सारखी आहेत: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. हे पाच नुसत्या डोळ्यांनी दिसतात. दुर्बीण नको, काही नको. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनाही ते दिसत होते.

आता त्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवा. रात्री वीज नाही, मोबाइल नाही. वर लाखभर चांदण्या आहेत असं वाटतं आणि त्या सगळ्या आपापल्या जागा धरून आहेत. सप्तर्षी कालही तसेच होते, आजही तसेच. पण सात गोष्टी अशा आहेत, की त्या या चांदण्यांमधून सरकत राहतात. सूर्य, चंद्र आणि हे पाच ठिपके. जुन्या लोकांनी त्यांना 'ग्रह' म्हटलं. म्हणजे त्यांच्या लेखी 'ग्रह' या शब्दाचा अर्थ काय होता, तर ताऱ्यांमधून फिरणारी गोष्ट. ती गोल आहे की चपटी, दगडाची आहे की वायूची, हे कळायचा मार्गच नव्हता. त्या अर्थाने सूर्य ग्रह, चंद्र ग्रह, आणि पृथ्वी? ती यादीत कशी येणार? तिच्यावर तर आपण उभे आहोत!

राहिले राहू आणि केतू. ही मोठी हुशारीची गोष्ट आहे. आकाशात सूर्याची एक वाट आहे आणि चंद्राची एक वाट आहे. या दोन वाटा दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात. ती दोन ठिकाणं म्हणजे राहू आणि केतू. तिथे ठिपका नाही, दगड नाही, काहीच नाही. नुसते चौक आहेत. पण सूर्य आणि चंद्र या चौकांजवळ आले की ग्रहणं होतात, म्हणून त्यांचा हिशेब ठेवायचा. राक्षसाने सूर्य गिळल्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीय, पण आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमाराला स्वच्छ लिहून ठेवलंय की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते.

तर पहिलं उत्तर असं, की दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत. 'ग्रह' या शब्दाचा अर्थ मध्येच बदलला, एवढंच. आता ग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या वजनाने गोल झालेला आणि आपली वाट बऱ्यापैकी मोकळी केलेला. ही व्याख्या तर २००६ सालची, म्हणजे तुमच्यातल्या काहींच्या ताई-दादांपेक्षाही लहान.

त्या जुन्या लोकांना एक गोष्ट मात्र फार नीट माहीत होती. वेग. कोण भराभर सरकतो, कोण रेंगाळतो. याचा एक खेळ दाखवतो, वही घ्या. सगळ्यात हळू चालणाऱ्यापासून सगळ्यात जलद चालणाऱ्यापर्यंत असा क्रम लिहा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. गोल करून लिहा, म्हणजे चंद्रानंतर पुन्हा शनी. आता शनीवर बोट ठेवा आणि तीन घरं पुढे जा. गुरू, मंगळ, रवी. रविवार आला! रवीपासून तीन घरं पुढे: शुक्र, बुध, चंद्र. सोमवार. पुन्हा तीन: शनी, गुरू, मंगळ. मंगळवार. करून बघा, अख्खा आठवडा निघतो. असं का होतं? कारण दिवसाच्या प्रत्येक तासाला या क्रमाने एकेक ग्रह मालक नेमलेला होता आणि पहिल्या तासाच्या मालकाचं नाव दिवसाला मिळायचं. २४ तासांत सातचे तीन फेरे होऊन तीन उरतात, म्हणून तीन घरं. त्या तासाला 'होरा' म्हणतात आणि हा शब्द मूळचा ग्रीक आहे. म्हणजे तुमच्या शाळेच्या वेळापत्रकात ग्रह बसलेले आहेत. गणिताचा तास सोमवारी येतो त्याला चंद्र जबाबदार, असं म्हणायला हरकत नाही.

आता दुसरा प्रश्न. मंगळ लांब आहे, पण किती लांब? इथे माझं पुस्तकातल्या चित्राशी भांडण आहे. त्या चित्रात सगळे ग्रह रांगेत, एकमेकांना खेटून, दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखे मांडलेले असतात. कागदावर दुसरं काही करताही येत नाही म्हणा. पण ते चित्र डोक्यात बसलं की ग्रह आपल्या शेजारीच राहतात असं वाटायला लागतं.

आपण खरं माप घेऊ. सगळं शंभर कोटी पटींनी लहान करायचं. सूर्य होईल साधारण १.४ मीटरचा गोळा, म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या उंचीएवढा. तो तुमच्या घराच्या दारात ठेवा आणि चालायला लागा. फोनवर मॅप उघडा, अंतर त्यावर मोजता येतं.

५८ पावलं टाका, मोठी, मीटरभराची. तिथे एक मिऱ्याचा दाणा ठेवा. हा बुध. सूर्याभोवती ८८ दिवसांत एक फेरी. हवा जवळजवळ नाहीच, त्यामुळे ऊब धरून ठेवायला काही नाही. दिवसा ४३० अंश सेल्सिअस आणि रात्री उणे १८०.

१०८ पावलांवर एक गोटी. हा शुक्र. शुक्राची चांदणी म्हणतो ना आपण, ती. आकाशात सूर्य-चंद्रानंतर सगळ्यात तेजस्वी, दिसायला देखणी, आणि जवळ गेलात तर भट्टी. बुधापेक्षा सूर्यापासून लांब असूनही शुक्र बुधापेक्षा तापलेला आहे. सुमारे ४६५ अंश, दिवसा तेवढाच आणि रात्रीही तेवढाच. कारण त्याने कार्बन डायऑक्साइडची एवढी जाड गोधडी पांघरलीय की आलेली उष्णता बाहेर जातच नाही. वरून हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पट. १९८२ मध्ये सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा १३ हे यान तिथे उतरलं, रंगीत फोटो पाठवले आणि १२७ मिनिटांनी बंद पडलं. मला ती १२७ मिनिटं फार शूर वाटतात. आणि गंमत बघा, शुक्राला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात, पण सूर्याभोवती फिरायला २२५. स्वतःभोवती एक गिरकी पूर्ण होण्याआधीच त्याचा वाढदिवस येऊन जातो.

१५० पावलांवर दुसरी गोटी, जवळजवळ शुक्राएवढीच. ही आपण. तिच्यापासून ३८ सेंटिमीटरवर ज्वारीचा दाणा ठेवा. तो चंद्र. माणूस आजवर जास्तीत जास्त एवढाच लांब गेलाय. गोटीपासून ज्वारीपर्यंत.

या मापात प्रकाश किती जोरात पळेल माहितीये? सेकंदाला ३० सेंटिमीटर. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीच्या दुप्पट, सेकंदाला एवढंच. रांगणारं बाळ त्याला सहज गाठेल. जगातली सगळ्यात वेगवान गोष्ट, आणि दारातल्या सूर्यापासून या गोटीपर्यंत यायला तिला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात.

आणि आता २२८ पावलांवर एक वाळका वाटाणा. हाच तो मंगळ.

तर हा वाटाणा. व्यास पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त. रंग लाल, कारण मातीत लोखंडाचा गंज आहे. दिवस आपल्यासारखाच, २४ तास आणि चाळीसेक मिनिटं. वर्ष मात्र ६८७ दिवसांचं. हवा इतकी विरळ, की दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी. ऑलिंपस मॉन्स नावाचा ज्वालामुखी तिथे आहे, एव्हरेस्टच्या जवळजवळ अडीच पट उंच. आणि तिथला सूर्यास्त निळा असतो! आपल्याकडे आकाश निळं आणि सूर्यास्त तांबडा, तिथे नेमकं उलटं.

हे सगळं आपल्याला कसं कळलं? याने पाठवून. ५ नोव्हेंबर २०१३ ला इस्रोने मंगळयान सोडलं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाभोवती फिरायला लागलं. पहिल्याच प्रयत्नात. सुटलं त्या दिवशी वार कोणता होता? मंगळवार.

आता मावशी. पत्रिकेत बारा घरं असतात. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला, की त्या माणसाला 'मंगळ आहे' असं म्हणतात. मोजा. बारा घरांतली पाच. म्हणजे दर बारा माणसांत साधारण पाच जणांना मंगळ असणार. तुमच्या वर्गात ४८ मुलं असतील तर वीस जणांना! मग त्यातून सुटायला अपवाद काढलेत, शांती काढल्यात, सौम्य मंगळ, कडक मंगळ असे प्रकार काढलेत. काढावेच लागणार, नाहीतर निम्मं गाव बिनलग्नाचं राहील.

कोणी म्हणेल, पण पत्रिकेत काहीतरी तथ्य असेलच की. बरं, मग तपासू या ना. महाराष्ट्रात हे तपासून झालंय. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, नावं काढून टाकली आणि ज्योतिषांना दिल्या. कोणती कोणाची ते ओळखा, बस. प्रत्येकाला ४० पत्रिका. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर किती आली? ४६ टक्के. छापा-काटा केला असता तर पन्नासच्या आसपास आली असती. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे सगळं छापून आलंय.

तर मंगळाला मावशी माहीत नाही. मावशीचं स्थळ मंगळामुळे मोडत नाही. मंगळाचं नाव सांगून माणसं मोडतात. या दोन गोष्टींत फार फरक आहे, कारण माणसांशी बोलता येतं.

चला पुढे. मंगळानंतर रस्ता मोकळा आहे. वाटेत लघुग्रहांचा पट्टा लागतो, पण या मापात ते धुळीचे कण, आणि तेही एकमेकांपासून खूप लांब. सिनेमात दाखवतात तशी दगडांची गर्दी वगैरे काही नाही.

७८० मीटरवर पपनस. मोठं, चौदा सेंटिमीटरचं. हा गुरू. बाकीचे सातही ग्रह एकत्र करून तागडीत टाकले तरी गुरू त्यांच्या अडीच पट भरेल. एवढं धूड, पण स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतं. जमीन नाही, सगळा हायड्रोजन आणि हेलियम. त्यावर एक तांबडा डाग आहे, तो म्हणजे पृथ्वीहून मोठं वादळ. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूजवळ ठिपके पाहिले. काही रात्रींत त्याच्या लक्षात आलं, की हे चार चंद्र आहेत आणि ते गुरूभोवती फिरतायत. सगळं विश्व पृथ्वीभोवतीच फिरतं, या कल्पनेला तिथे तडा गेला.

गुरूला सूर्याभोवती जायला जवळजवळ बारा वर्षं लागतात. हे नाशिकच्या मुलांना न शिकवता माहीत असतं, फक्त त्यांना ते माहीत आहे हे माहीत नसतं! सिंहस्थ दर बारा वर्षांनी का येतो? गुरू सिंह राशीत येतो म्हणून. २००३, २०१५, आणि आता २०२७. म्हणजे एवढी लाखो माणसं गोदावरीवर जमतात ती एका ग्रहाच्या घड्याळावर. जुन्या लोकांचं निरीक्षण किती पक्कं होतं, त्याला माझा खरंच नमस्कार आहे.

१.४ किलोमीटर चालून या. पाय दुखले? इथे सोललेला नारळ ठेवायचा आणि त्याच्या कमरेला जेवणाच्या ताटाएवढी कडी. शनी.

माझा सगळ्यात आवडता ग्रह. आणि बिचाऱ्याची आपल्याकडे सगळ्यात जास्त बदनामी. ती कडी म्हणजे बर्फाचे तुकडे आहेत, काही साखरेच्या दाण्याएवढे, काही घराएवढे. रुंदी पावणेतीन लाख किलोमीटर, आणि जाडी? बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर. एखाद्या इमारतीच्या चार-पाच मजल्यांएवढी. आमच्या ताटाच्या मापात ती जाडी केसाच्याही कितीतरी लहान हिश्शाएवढी होईल. आणि शनी एवढा हलका आहे, की पुरेसा मोठा तलाव मिळाला तर तो पाण्यावर तरंगेल.

त्याला 'शनैश्चर' म्हणतात. शनैः म्हणजे हळूहळू, चर म्हणजे चालणारा. नावातच सगळं आलं. एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं. आता भागाकार करा. बारा राशी, साडेएकोणतीस वर्षं, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. तुमच्या राशीच्या आधीची रास, तुमची रास आणि नंतरची रास, या तिन्हीत शनी असतो तो काळ किती? तीन गुणिले अडीच. साडेसात! हीच ती साडेसाती. हे अंतर आहे आणि वेग आहे, बाकी काही नाही. शिवाय बारापैकी तीन राशींना ती एकाच वेळी असते. म्हणजे आत्ता, मी बोलतोय या क्षणाला, जगातल्या साधारण पाव लोकांची साडेसाती चालू आहे. परीक्षेत पहिला आलेलाही त्यात आहे आणि नापास झालेलाही.

हे ऐकून आजीशी भांडायला जाऊ नका हां. आजीला कोणीतरी भीती घातली, तिने ती जपून ठेवली. तिच्यासोबत हा भागाकार करा. आणि संधी मिळाली तर एखाद्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात तिला दुर्बिणीतून शनी दाखवा. ती कडी पहिल्यांदा दिसल्यावर माणसं "हे चित्र चिकटवलंय का?" असं विचारतात. लहान-मोठे सगळे.

पुढचे दोघे पटकन. २.९ किलोमीटरवर एक लिंबू, युरेनस, आडवा पडून लोळत सूर्याभोवती फिरणारा. साडेचार किलोमीटरवर दुसरं लिंबू, नेपच्यून. युरेनस १३ मार्च १७८१ ला विल्यम हर्शेलने इंग्लंडमध्ये शोधला. पेशाने तो संगीतकार होता. मराठी पंचांगात या ग्रहाला 'हर्षल' म्हणतात, ते याच्याच नावावरून. तुमच्या वर्गात हर्षल असेल तर त्याला सांगा. नेपच्यून तर आधी कागदावर सापडला. युरेनस जरा वाकडा चालतोय, म्हणजे त्याला कोणीतरी ओढतंय, असं गणित फ्रान्सच्या ल व्हेरिएने मांडलं आणि २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये दुर्बीण त्या दिशेला वळवली, तर तो तिथेच!

आणि प्लुटो? १९३० मध्ये सापडला तेव्हा नाव सुचवलं ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या मुलीने, व्हेनिशिया बर्नीने. २००६ मध्ये तो बटुग्रह ठरला, कारण त्याच्यासारखे आणखी सापडायला लागले. त्याला याचं काही वाटलेलं नाही, तो पूर्वीसारखाच फिरतोय.

साडेचार किलोमीटर चाललात. यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा कुठे ठेवायचा? याच मापात ४०,००० किलोमीटरवर. पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा घालून पुन्हा तुमच्या दारात.

आता आज रात्रीचं काम. गच्चीवर किंवा अंगणात जा, फोनचा ब्राइटनेस एकदम कमी करा. सूर्य आणि चंद्र ज्या पट्ट्यातून पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, तेवढाच पट्टा बघा. ग्रह त्याच्या बाहेर सापडत नाहीत. तारे लुकलुकतात, ग्रह बहुतेक वेळा शांत दिसतात. तांबूस असेल तर मंगळ, पिवळसर असेल तर शनी. शुक्र मध्यरात्री कधीच दिसणार नाही, फक्त संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला. का, ते दारातला सूर्य आणि दोन गोट्या मांडून स्वतः शोधा आणि मला व्हॉइस मेसेज करा. नाव ओळखायला स्टेलॅरियमसारखं ॲप चालेल, पण आधी डोळ्यांनी, मग ॲपने. घरात साधी द्विनेत्री असेल तर हात भिंतीला टेकवून गुरूकडे बघा, गॅलिलिओचे ते चार ठिपके दिसतात. द्विनेत्री दिवसा सूर्याकडे मात्र चुकूनही वळवायची नाही, डोळा कायमचा जातो.

ग्रह सापडला की त्याच्या शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांसकट वहीत ठिपके काढा आणि तारीख घाला. महिन्याभराने तिथेच उभं राहून पुन्हा काढा. पुढच्या भागात त्या दोन चित्रांवर बोलू.